कोच बदलला की वहीत काय लिहायचं: आइस हॉकी संघाचा हंगाम वाचायची माझी पद्धत

१९ नोव्हेंबर २०१८ ला सेंट लुईस ब्लूज घरच्या रिंकवर लॉस एंजेलिस किंग्जकडून ०-२ हरले आणि त्याच रात्री मुख्य कोच माइक यो यांना काढल्याची बातमी आली. मी या शहरात नवी होते. हॉकी बघायला लागून माझं एक वर्षसुद्धा झालं नव्हतं. ऑफिसातले सगळे दुसऱ्या दिवशी एकच वाक्य बोलत होते, "आता बघ, संघ पेटून उठेल." मी दिवसभर हिशेबाचं काम करते, त्यामुळे 'पेटून उठणं' म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत दिसलं पाहिजे असं मला वाटलं. घरी येऊन एक रेघांची वही काढली, त्या दिवसापर्यंतचे १९ सामने उतरवून घेतले आणि खाली लाल पेनाने आडवी रेघ मारली. ती सवय आजतागायत टिकली आहे.

आपल्यातल्या ज्यांना नॅशनल हॉकी लीग नुकतीच आवडू लागली आहे, पण मधेच कोच जातो, सहायक बदलतो, जनरल मॅनेजर नवा येतो आणि याचा अर्थ काय घ्यायचा ते कळत नाही, त्यांच्यासाठी मी माझी पद्धत लिहिते आहे. उदाहरणं बहुतेक ब्लूजचीच येतील, कारण माझ्या वह्या त्यांच्याच आहेत.

आधी वही आखून घ्या

नियमित हंगाम २०२५-२६ पर्यंत ८२ सामन्यांचा, ऑक्टोबर ते एप्रिलचा मध्य. जिंकलात तर २ गुण. साठ मिनिटांत हरलात तर शून्य. बरोबरी होऊन जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने एकट्याने गोलकीपरसमोर जायचं) हरलात तर १ गुण. म्हणून संघाची नोंद तीन आकड्यांत लिहितात: विजय, साध्या वेळेतली हार, जादा वेळेतली हार. यो गेले तेव्हा ब्लूजची नोंद ७-९-३ होती, म्हणजे १९ सामन्यांत १७ गुण. ३२ संघांपैकी १६ प्लेऑफला, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांना, जातात आणि तिथे जास्तीत जास्त सात सामन्यांच्या चार फेऱ्या असतात.

हंगामाचे दहा-दहा सामन्यांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला एक पान द्या. माझा ठोकताळा असा, की दहा सामन्यांत १२ गुण झाले तर संघ प्लेऑफच्या रस्त्यावर आहे. त्या गतीने हंगामाअखेर ९८ च्या आसपास गुण होतात आणि तेवढ्यावर बहुतेक वेळा जागा मिळते. 'बहुतेक वेळा' म्हणायचं कारण, २०२४-२५ मध्ये ब्लूज आणि कॅल्गरी दोघांचेही ९६ गुण झाले. साध्या वेळेतले विजय ब्लूजचे जास्त भरले, ते आत गेले आणि कॅल्गरी घरी बसलं. म्हणून विजयाच्या रकान्यात मी नुसती बरोबरची खूण करत नाही. साध्या वेळेत जिंकले असतील तर खुणेभोवती गोल काढते.

प्रत्येक सामन्याच्या ओळीत एवढंच लिहा: तारीख, प्रतिस्पर्धी, घरी की बाहेर, निकाल, दोन्ही बाजूंचे शॉट्स, पॉवर प्ले (समोरच्याला पेनल्टी बसून त्यांचा एक खेळाडू कमी असतो तो वेळ) किती मिळाले नि त्यावर गोल किती, आणि आपला गोलकीपर कोण होता. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि सुरुवातीला मी नेमका तोच ठेवला नव्हता. आदल्या दिवशीही सामना झालेला असेल तर ओळीच्या कडेला एक टिंब द्या. लागोपाठच्या दोन दिवसांत दुसऱ्या दिवशी बहुधा राखीव गोलकीपर उभा राहतो आणि पाय जड झालेले असतात, तेव्हा त्या हारेवरून फार काही ठरवू नये.

कोण काय बघतो

'कोच बदलला' म्हणताना कोणता कोच, हे विचारायची सवय लावा. जनरल मॅनेजर खेळाडू आणतो, विकतो, करार करतो आणि मुख्य कोच नेमतो किंवा काढतो. मुख्य कोच कोणाला खेळवायचं, कोणासमोर आणि किती वेळ, ते ठरवतो. त्याच्या हाताखालच्या सहायकांत कामं वाटलेली असतात: सहसा एकाकडे फॉरवर्ड आणि पॉवर प्ले, दुसऱ्याकडे डिफेन्समन आणि पेनल्टी किल, म्हणजे आपला खेळाडू कमी असतानाचा बचाव. गोलकीपरांचा कोच स्वतंत्र असतो. आणि एक व्हिडिओ कोच असतो, जो टीव्हीवर फारसा दिसत नाही. समोरच्याचा गोल ऑफसाइडमुळे (पकच्या, म्हणजे रबरी चकतीच्या, आधीच खेळाडू निळ्या रेषेपलीकडे शिरल्यामुळे) रद्द करून मागायचा का, हा सल्ला काही सेकंदांत तोच देतो. मागणी फेटाळली गेली तर दोन मिनिटांची पेनल्टी बसते, म्हणजे त्याच्या नजरेवर सामना फिरू शकतो.

याचा उपयोग असा. पॉवर प्ले सांभाळणारा सहायक बदलला असेल तर पूर्ण संघाचे गुण मोजत बसू नका. पॉवर प्लेचाच रकाना बघा. साधारण पाच संधींत एक गोल हे ठीकठाक प्रमाण. दहा सामन्यांत तीसेक संधी मिळतात, त्यात सहा गोल झाले की चांगलं चाललंय. पण सहाचे आठ झाले म्हणून लगेच नव्या माणसाची पाठ थोपटायची घाई नको, दोन गोल पकच्या उडीनेही येतात. मी किमान दोन पानं थांबते.

नवा मुख्य कोच कुठून आला, तेही लाल रेघेशेजारी लिहा. तो आतलाच आहे का, खालच्या लीगमधून आला का, की दुसऱ्या संघाने काढलेला आहे? योंच्या जागी आलेले क्रेग बेरुबे २०१७ पासून त्याच बेंचवर सहयोगी कोच होते. अशा माणसाला ओळखी करून घ्याव्या लागत नाहीत, पण खेळाडूंनाही त्याच्या सगळ्या सवयी माहीत असतात. पिट्सबर्गने १२ डिसेंबर २०१५ ला माइक जॉन्स्टनना काढून माइक सलिव्हनना आणलं, ते स्वतःच्याच अमेरिकन हॉकी लीगमधल्या विल्क्स-बॅरे/स्क्रँटन संघातून. खालच्या संघातली तरुण पोरं त्यांच्या हाताखालची होती आणि त्यातली बरीच पुढे वर आली. २०१६ आणि २०१७ असे लागोपाठ दोन स्टॅनले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, त्या बेंचने जिंकले. एडमंटनने १२ नोव्हेंबर २०२३ ला जे वुडक्रॉफ्टना काढलं आणि क्रिस नॉबलॉख यांना घेतलं, ते न्यूयॉर्क रेंजर्सच्या खालच्या संघाचे, हार्टफर्डचे कोच होते, पण ज्युनिअर हॉकीत ईरी ऑटर्स संघात त्यांनी एडमंटनचा मोठा खेळाडू कॉनर मॅकडेव्हिडला शिकवलेलं. हे धागे लिहून ठेवले की पुढे बर्फावर जे दिसतं त्याचा उलगडा लवकर होतो.

मी चुकले ती जागा

आता माझ्या पहिल्या वहीकडे वळते. लाल रेघेखाली बेरुबेंचे सामने उतरवत गेले. डिसेंबरात सरावाच्या वेळी ब्लूजचे दोन खेळाडू एकमेकांनाच भिडले, त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी ब्लूजची एकूण नोंद १५-१८-४ होती, ३४ गुण, तेव्हाच्या ३१ संघांच्या लीगमध्ये सर्वांत शेवटी. मी वजाबाकी केली. योंच्या हाताखाली १९ सामन्यांत १७ गुण, बेरुबेंच्या हाताखाली १८ सामन्यांत ८-९-१, तेही १७ गुण. वहीत मी लिहिलं: 'फरक नाही. कोच बदलणं व्यर्थ.' दोन वेळा अधोरेखितही केलं. ते पान मी फाडलं नाही.

७ जानेवारीला ब्लूज फिलाडेल्फियात खेळले. गोलमध्ये जॉर्डन बिनिंग्टन नावाचा पंचवीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच सुरुवातीपासून उभा होता. २०११ च्या ड्राफ्टचा (संघ दरवर्षी नवे तरुण खेळाडू निवडतात तो), म्हणजे सात वर्षं खालच्या संघांतून फिरलेला. सामना ब्लूजने ३-० जिंकला, त्याने पंचवीसच्या पंचवीस शॉट अडवले. हंगामाच्या शेवटी त्याची नोंद २४-५-१ आणि अडवण्याची टक्केवारी ९२.७ होती. आधीचा मुख्य गोलकीपर जेक ॲलनची त्या हंगामात ९०.५.

हा दोन टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो ना? मलाही वाटला होता. मग गणित मांडलं. सामन्याला साधारण तीस शॉट आपल्या गोलवर येतात. ९०.५ टक्क्यांनी अडवले तर २.८५ गोल बसतात, ९२.७ ने अडवले तर २.१९. सामन्यामागे सुमारे दोन तृतीयांश गोल वाचला. तीस सामन्यांत वीस गोल. एका गोलाने हरणारे सामने बरोबरीत आणि बरोबरीतले सामने विजयात जायला वीस गोल खूप झाले. उरलेल्या ४५ सामन्यांत ब्लूज ३०-१०-५ खेळले, मधे सलग ११ जिंकले, ९९ गुणांवर पोचले आणि १२ जून २०१९ ला बॉस्टनमध्ये सातव्या सामन्यात ४-१ ने स्टॅनले कप उचलला. १९६७ पासूनच्या इतिहासातला त्यांचा पहिला. त्या सामन्याचा पहिला वीस मिनिटांचा भाग मी वहीत वेगळा लिहून ठेवला आहे: बॉस्टनचे शॉट १२, ब्लूजचे ४, आणि गोलफलक ब्लूज २, बॉस्टन ०.

मग श्रेय कोचचं की गोलकीपरचं? माझं मत असं की प्रश्नच असा विचारू नये. गोलकीपर बदलायचा निर्णयसुद्धा बेंचवरच होतो. पण तुम्ही वहीत गोलकीपरचा रकाना ठेवला नाही, तर सगळं श्रेय कोचच्या नावावर जमा होईल. कोच बदलल्यावर पहिली बघायची गोष्ट गोलकीपर. दुसरीही तीच.

एडमंटनचंच पाहा. वुडक्रॉफ्ट गेले तेव्हा संघ ३-९-१ होता, आणि त्याच आठवड्यात आधी गोलकीपर जॅक कॅम्पबेलला खालच्या लीगमध्ये पाठवलं होतं. संघ शॉट भरपूर मारत होता, गोल होत नव्हते. समोरच्याचे मात्र सहज आत जात होते. अशा वेळी मी एक साधी बेरीज करते. आपल्या शॉटपैकी शेकडा किती गोल झाले ते घ्या, त्यात आपल्या गोलकीपरने शेकडा किती अडवले ते मिळवा. लांबच्या पल्ल्यात ही बेरीज बहुतेक संघांची १०० च्या जवळपास येते. ती ९६-९७ वर घसरली असेल आणि शॉट मात्र आपलेच जास्त असतील, तर कोच कोणीही आला तरी संघ वर येणार, हे धरून चाला. एडमंटन पुढे सलग १६ सामने जिंकलं, ४९-२७-६ वर संपलं आणि अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून सातव्या सामन्यापर्यंत गेलं. तिथे १-२ ने हरलं.

कोचबरोबर आणखी काय बदललं, याचा एक कोपरा पानावर राखून ठेवा. पिट्सबर्गने १५ फेब्रुवारी २००९ ला मिशेल थेरियनना काढून डॅन बाइल्समांना आणलं. पुढची नोंद १८-३-४ आणि वर कप. जादूच वाटते. पण मुख्य डिफेन्समन सर्गेई गोंचार दुखापतीतून नेमका आदल्या दिवशी परतला होता, आणि पुढच्या तीन आठवड्यांत क्रिस कुनिट्झ नि बिल गेरिन व्यापारातून आले. बाइल्समांचं काम मी कमी लेखत नाही. त्यांनी संघाला पुढे धावायला लावलं हे खरंच. पण हे बाकीचे बदलही त्याच पानावर दिसायला हवेत.

बर्फावर काय बघायचं

आकडे घरी. रिंकवर किंवा टीव्हीवर मात्र डोळ्यांना दुसरी कामं द्या. सामन्याआधीच्या वॉर्मअपमध्ये कोण कोणाबरोबर धावतोय ते टिपा. तीन-तीन फॉरवर्डच्या चार ओळी आणि डिफेन्समनच्या तीन जोड्या. नव्या कोचची पहिली सही तिथे दिसते. मग यजमान संघाचा फायदा: खेळ थांबला की खेळाडू बदलायची शेवटची संधी यजमान कोचला असते. म्हणून घरच्या सामन्यात समोरच्याची सर्वांत तगडी ओळ उतरली की आपला कोच कोणाला पाठवतो, ते बघा. तो कोणावर विश्वास टाकतो ते तिथे कळतं. एका गोलाने मागे असताना जादा हल्लेखोर उतरवायला गोलकीपर कधी बाहेर काढतो, अडीच मिनिटं असताना की एक मिनिट, हेही घड्याळ बघून लिहा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लूजने ड्रू बॅनिस्टरना काढलं, नोंद ९-१२-१ असताना, आणि जिम मॉन्टगोमरींना आणलं. पाचच दिवसांपूर्वी बॉस्टनने त्यांना काढलेलं. हा तोच माणूस ज्याच्या बॉस्टनने २०२२-२३ मध्ये ६५-१२-५ असा लीगचा विक्रम केला होता, आणि त्याआधी दोन वर्षं सेंट लुईसमध्येच बेरुबेंचा सहायक होता. मी मेरीलँड हाइट्सच्या सराव-रिंकवर एका सकाळी गेले. बर्फ कोरा, थंडी बाकातून वर चढत होती. खेळाडू एका गुडघ्यावर अर्धवर्तुळात बसलेले, काचेला टेकवलेल्या पांढऱ्या फळीवर मार्करने बाण काढला जात होता. बाण निळ्या रेषेवरून सुटून थेट समोरच्या गोलपर्यंत गेला, आणि तो डिफेन्समनचा होता. पुढची वीस मिनिटं तेच: पक फॉरवर्डला द्यायचा आणि मागे न थांबता चौथा माणूस म्हणून धावायचं. एकजण अर्ध्यात थबकला, शिट्टी वाजली, पुन्हा पहिल्यापासून. काठ्या बर्फावर आपटल्याचा आवाज रिकाम्या रिंकमध्ये किती घुमतो, ते त्या दिवशी कळलं. मी वहीत एकच ओळ लिहिली, 'डिफेन्समन पुढे', आणि पुढच्या पानांवर डिफेन्समनच्या गोलांसाठी रकाना वाढवला.

या वेळी 'फरक नाही' असं लिहायची घाई केली नाही. बरं झालं. मॉन्टगोमरींच्या पहिल्या ३४ सामन्यांची नोंद १६-१४-४. साधारणच. डिसेंबरात अनाहाइमकडून डिफेन्समन कॅम फाउलर आला होता, ते कोपऱ्यात लिहिलेलं. फेब्रुवारीत चार देशांच्या स्पर्धेची सुट्टी झाली, बिनिंग्टन कॅनडाकडून अंतिम सामना जिंकून परतला, आणि शेवटच्या २६ सामन्यांत ब्लूज १९-४-३ खेळले. त्यात सलग १२ विजय, २०१९ च्या ११ चा विक्रम मोडून. पहिल्या फेरीत विनिपेगविरुद्ध सातवा सामना ३-१ ने हातात होता. शेवटच्या दोन मिनिटांत दोन गोल बसले, दुसरा तर १.६ सेकंद उरले असताना, आणि दुसऱ्या जादा वेळेत ॲडम लाउरीने संपवलं. त्या रात्री ओळ पूर्ण करायला मला दुसरा दिवस लागला.

म्हणून माझा नियम: लाल रेघेनंतर तीन पानं, म्हणजे तीस सामने, निष्कर्ष लिहायचा नाही. फक्त नोंदी. नवीन रचना अंगात मुरायला वेळ लागतो, कारण हंगामात दर दोन दिवसांनी सामना असतो आणि पूर्ण सरावाचे दिवस फार थोडे मिळतात. चार-पाच दिवसांची मोकळीक आली की पानावर चौकट करा. बदल बहुधा तिच्यानंतर दिसू लागतो.

आणि काढलेल्या कोचचं नाव खोडू नका. कपविजेते बेरुबेही १२ डिसेंबर २०२३ ला, १३-१४-१ वर असताना गेले, आणि मे २०२४ मध्ये टोरंटोने त्यांना घेतलं. कोच एका बेंचवरून उठतो नि दुसऱ्या बेंचवर बसतो. वहीच्या मागच्या पानावर अशा नावांची यादी ठेवली की समोरच्या संघाच्या बेंचवर ओळखीचा चेहरा दिसल्यावर तो काय करणार याचा अंदाज येतो.

ब्लूजच्या वरच्या मजल्यावरचा बदल तर आधीच सांगून ठेवलेला आहे. २०१० पासूनचे जनरल मॅनेजर डग आर्मस्ट्राँग २०२५-२६ नंतर ते पद अलेक्झांडर स्टीनकडे सोपवणार, असं जुलै २०२४ मध्येच जाहीर झालं. स्टीन २०१९ च्या कपविजेत्या संघात खेळलेला. २०२६-२७ पासून नियमित हंगामही ८४ सामन्यांचा होतो आहे. त्या वहीसाठी मी आठ पानं आणि वर चार ओळी आखल्या आहेत, आणि पहिल्या ओळीच्या वरच लाल रेघ मारली आहे. जनरल मॅनेजरच्या बदलाला मात्र तीस सामने पुरत नाहीत. त्याने घेतलेला ड्राफ्टमधला मुलगा बर्फावर उतरेपर्यंत दोन-तीन वह्या भरतील, तोवर व्यापार आणि करार एवढेच टिपत जायचे.